दंतआरोग्याचे ॲप नोकरी सांभाळून बनवताना या चुका टाळा

सांगली, मिरज, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर), कराड, सातारा या पट्ट्यात दिवसा नोकरी करून रात्री आणि रविवारी स्वतःचे काहीतरी बनवत बसणारे प्रोग्रॅमर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांपैकी काहींना, घरात कोणी दंतवैद्य असल्यामुळे किंवा शाळेतल्या तपासणी शिबिरात हातभार लावल्यामुळे, दातांच्या आरोग्याविषयी लोकांना शिकवणारे ॲप करावेसे वाटते. साइड प्रोजेक्टसाठी हा विषय खरोखरच चांगला आहे, कारण मजकूर मर्यादित आहे आणि त्यातला बराचसा दर महिन्याला बदलत नाही. अडचण एवढीच की कोड चुकला तर ॲप बंद पडते आणि ते आपल्याला लगेच कळते; सल्ला चुकला तर मात्र ॲप उत्तम चालत राहते. पुढील चुका याच दृष्टीने निवडल्या आहेत.

सल्ला कोडमध्येच लिहून टाकणे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे स्क्रीनच्या फाइलमध्येच मजकूर टाइप करून मोकळे होणे. टूथपेस्टचेच उदाहरण घ्या. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. हे वाक्य माहिती देणाऱ्या पानावर, प्रश्नमंजुषेत, आठवण देणाऱ्या सूचनेत आणि चित्राखालच्या ओळीत अशा चार ठिकाणी वेगवेगळे लिहिलेले असेल, तर दुरुस्ती करताना एक जागा हमखास सुटते. त्याऐवजी प्रत्येक सल्ला ही स्वतंत्र नोंद ठेवावी आणि तिच्यात मजकूर, वयोगट, कोणी तपासले, कधी तपासले आणि पुन्हा कधी तपासायचे ही पाच घरे असावीत. फेरतपासणीची तारीख उलटून गेली की ती नोंद आपोआप लपेल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी, कारण नोकरीत काम वाढले की सर्वांत आधी बाजूला पडतो तो साइड प्रोजेक्टच.

चित्रांकडे तर कोणी पाहतच नाही. मजकुरात वाटाण्याएवढी पेस्ट लिहिलेली असते आणि शेजारच्या चित्रात, जाहिरातीत दाखवतात तशी, ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची वळणदार रेघ ओढलेली असते. घाईत असलेली आई चित्र पाहते, ओळ वाचत नाही. त्यामुळे चित्रालाही वरील नोंदीतच स्थान द्यावे आणि मजकुराबरोबर तेही तपासून घ्यावे. शिवाय प्ले स्टोअरवर गेलेले ॲप सांगलीपुरते राहत नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते, आणि तिथल्या लहान मुलाच्या पालकांना पेस्टविषयी आधी स्थानिक डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सांगणारी एक ओळ असणे आवश्यक आहे.

तपासणीसाठी दंतवैद्याकडे वर्ड फाइल पाठवू नये. प्रत्यक्ष चालू ॲप हातात द्यावे, कारण कागदावर निर्दोष दिसणारे वाक्य चुकीच्या वयाच्या पडद्यावर उमटते तेव्हाच त्यातला दोष दिसतो. सांगलीत भारती विद्यापीठाचे आणि कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. तेथील शिक्षकांना थोडक्यात, नेमके प्रश्न लिहून विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. ‘एकदा नजर टाका’ एवढे म्हणून पाठवलेली लिंक सहसा उघडली जात नाही.

पडलेल्या दाताचे पान इंटरनेटवर अवलंबून ठेवणे

कबड्डीत किंवा सायकलवरून पडून दात मुळासकट निखळतो, तेव्हा पहिला अर्धा-पाऊण तास निर्णायक असतो. कायमचा दात असेल तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा, माती लागली असल्यास न घासता हलकेच धुवावा, शक्य असल्यास लगेच त्याच जागी बसवावा, नाहीतर दुधात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे जावे. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये, कारण खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

येथे दोन चुका एकदम होतात. पहिली म्हणजे केवळ वय विचारून उत्तर देणे. साधारण सहा ते बारा या वयात तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाचा पडलेला दात कोणता, हे वयावरून सांगता येत नाही. अशा वेळी ॲपने तर्क लढवू नये. ‘खात्री नसल्यास बसवू नका, दुधात ठेवा आणि लगेच निघा’ असा तिसरा पर्याय ठळकपणे द्यावा. दुसरी चूक सर्व्हरची आहे. काही मोफत सर्व्हर पंधरा मिनिटे कोणी फिरकले नाही की झोपी जातात आणि पुढच्या विनंतीला जागे होण्यास बराच वेळ घेतात. काही मोफत डेटाबेस आठवडाभर वापर नसेल तर थांबवले जातात. ज्या पानाची वर्षातून एकदाच पण तातडीने गरज पडते, ते पान नेमके याच सापळ्यात अडकते. म्हणून हे पान ॲपबरोबरच फोनमध्ये उतरलेले असावे, त्याला लॉगिन नसावे आणि मुख्य पडद्यावरून एका स्पर्शात उघडावे. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास ही धोक्याची लक्षणेही तेथेच असावीत आणि त्यांच्यापुढे ‘थेट रुग्णालयात जा’ याशिवाय दुसरा सल्ला नसावा.

रात्रीची आठवण वाजत नाही

ही तक्रार प्रत्येक ब्रशिंग ॲपला येते. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी लागते. अँड्रॉइड १४ वर नव्याने उतरवलेल्या बहुतेक ॲपना ठरल्या क्षणी गजर वाजवण्याची परवानगी मुळात बंदच असते. फोन बंद करून सुरू केला की लावलेले गजर पुसले जातात आणि ते पुन्हा लावण्याचा कोड आपल्यालाच लिहावा लागतो. त्याखेरीज काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात. यावर अनेकजण अचूक गजराची परवानगी मागत सुटतात. ती येथे अनावश्यक आहे, कारण साडेनऊची आठवण नऊ चाळीसला वाजली तरी दातांचे काही बिघडत नाही. साधा, थोडा मागेपुढे होणारा गजर लावावा, फोन सुरू होताच तो पुन्हा नोंदवावा आणि सूचनेची परवानगी ॲप उघडताक्षणी न मागता वापरकर्ता स्वतः आठवणीची वेळ निवडतो तेव्हा मागावी.

दोन मिनिटांच्या टायमरचा दोषही असाच साधा असतो. दर सेकंदाला एक वजा करत गेल्यास पडदा बंद होताच मोजणी मंदावते किंवा थांबते. सुरुवातीची वेळ साठवून प्रत्येक वेळी तिच्यापासूनचा फरक काढला की प्रश्न उरत नाही.

पहाटेचे ब्रशिंग आदल्या दिवसात जमा होते

तारीख जागतिक प्रमाणवेळेत काढली की हा घोळ होतो. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वी केलेली नोंद काल केल्यासारखी दिसते. शहरातल्या मित्रांनी ॲप तपासले तर हे कोणाच्याही लक्षात येत नाही. पहाटे पाचला उठून धार काढून डेअरीला दूध घालणाऱ्या घरात मात्र सलग दिवसांची मालिका तुटत राहते आणि मुले ॲप काढून टाकतात. क्षणाची नोंद प्रमाणवेळेतच असू द्यावी, पण दिवस ठरवणारी तारीख फोनच्या स्थानिक वेळेनुसार वेगळ्या घरात साठवावी.

दातांचे क्रमांक आणि बाजू

दातांचा तक्ता दाखवणारी तयार लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला कोड, उचलताना तिची क्रमांक पद्धत पाहून घ्यावी. भारतात सामान्यतः दोन अंकी जागतिक पद्धत वापरतात, तर अमेरिकी लायब्ररींमध्ये १ ते ३२ असे सलग क्रमांक असतात. खालच्या डाव्या बाजूची पहिली कायमची दाढ एका पद्धतीत ३६, तर दुसरीत १९ असते. तक्त्यातील डावी बाजू ही रुग्णाची डावी, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताची असते, हेही ध्यानात ठेवावे. याच दाढेवर ॲपमध्ये एक स्वतंत्र धडा असावा असे माझे मत आहे, कारण ती सहाव्या वर्षाच्या सुमारास कोणताही दात न पडता दुधाच्या दाढांच्या मागे उगवते आणि ‘पडायचाच आहे’ असे समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते.

चुकीची गोष्ट मोजणे आणि चुकीचा प्रश्न विचारणे

आहाराची नोंद ठेवणारा भाग बहुधा साखरेचे ग्रॅम मोजतो. कीड लागण्याच्या दृष्टीने दिवसातून किती वेळा गोड खाल्ले हे अधिक महत्त्वाचे असते. प्रत्येक वेळी जिवाणू आम्ल तयार करतात, तोंडाचा सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास खाली गेला की दाताच्या आवरणातील खनिजे विरघळू लागतात, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास किंवा अधिक लागतो. जेवणानंतर एकदा खाल्लेल्या दोन कंदी पेढ्यांपेक्षा दिवसभर येता-जाता तोंडात टाकलेले तासगावचे बेदाणे दातांना अधिक महागात पडू शकतात, त्यातून ते चिकटतात. म्हणून डेटाबेसमध्ये ग्रॅमऐवजी वेळांची संख्या साठवावी. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून हिरव्या रंगात दाखवणारी प्रश्नमंजुषा तर तत्काळ काढावी. ऊस पिकवणाऱ्या भागात ती कौतुकाने वाचली जाईल हे खरे, पण गूळही मुख्यतः साखरच आहे.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्याकडील अनेक बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात आणि रोज सकाळी मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच, परंतु वापरणारीच्या लेखी ते दात घासणे असते. प्रश्नावलीत ‘मशेरी लावता का?’ हा प्रश्न स्वतंत्र असावा, तो ब्रशच्या प्रश्नांजवळ यावा आणि उत्तरानंतर उपदेशाचा लाल पडदा उघडू नये. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम यांसाठी दंतवैद्याकडे जाण्याची स्पष्ट सूचना आणि तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ एवढे पुरे.

मराठी मजकुराचे दोष

‘ॲप’ हा शब्द एका कीबोर्डवर एकाच चिन्हाने, तर दुसऱ्यावर अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखे असले तरी युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने (सारखी दिसणारी चिन्हे एकाच रूपात आणण्याच्या तयार प्रक्रियेने) ते एक होत नाहीत, त्यामुळे शोध फसतो. हा बदल स्वतः करून घ्यावा लागतो. ‘हिरड्या’ हा शब्द संगणकाच्या लेखी सात चिन्हांचा असल्याने मजकूर ठरावीक लांबीवर कापल्यास जोडाक्षर मधोमध तुटते. दवाखान्याच्या जुन्या पत्रकातला मजकूर डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर चिकटवल्यावर अगम्य अक्षरे उमटतात. तो परत टाइप करणेच शहाणपणाचे.

फोटो मागणे

दाताचा फोटो घेऊन एआयकडून ‘कीड आहे की नाही’ सांगण्याचा मोह टाळावा. दोन दातांच्या मधली कीड फोटोत दिसत नाही, तिला एक्स-रे लागतो, आणि ‘नाही’ हे उत्तर मिळालेला माणूस डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलतो. टेलिमेडिसिनसंबंधीच्या (दुरून दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याच्या) २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही एआयला रुग्णास सल्ला देण्याची किंवा औषध सुचवण्याची मुभा देत नाहीत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येकजण मूल ठरतो आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. शाळेसाठी आवृत्ती करणार असाल तर नाव, फोटो, हजेरी क्रमांक काहीच घेऊ नये. वर्गात किती जणांनी प्रश्नमंजुषा पूर्ण केली एवढा आकडा शिक्षकांना पुरतो.

प्रकाशनाचा दिवस आधी जाहीर करणे

२० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो आणि त्या दिवशी ॲप आणू असे शाळेला कळवून टाकण्याची घाई होते. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला प्ले स्टोअरवर सर्वांसाठी ॲप खुले करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांपुरती चाचणी) घ्यावी लागते, त्यानंतर परवानगीचा अर्ज, आणि आरोग्यविषयक ॲपसाठीचे निवेदन वेगळे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चाचणी सुरू केली तर दुरुस्त्यांनाही अवधी मिळतो. परीक्षकांमध्ये सगळे ऑफिसमधले सहकारी भरू नयेत. एखादी आशाताई, एखादे गुरुजी, स्वस्त फोन वापरणारी एखादी मावशी आणि पहाटे उठणारे एक घर अवश्य असावे.