टाकी, शेळ्यांची जाळी आणि नाथसागर: टेबल अन् ग्राफमधून फंक्शन कसं समजून घ्यायचं

माझी पुतणी यंदा अकरावी सायन्सला गेली. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडं आली ती वही घेऊनच माझ्याजवळ बसली, म्हणली काका, हे एफ ऑफ एक्स म्हणजे एफ गुणिले एक्स का? मी म्हणलं नाही गं, तिथं गुणाकार नाहीच. एफ हे नियमाचं नाव, आणि कंसात जो एक्स आहे तो आपण त्या नियमाच्या हातात दिलेला आकडा. ही लिहायची पद्धत ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७३४ च्या सुमारास वापरली आणि ती आजपर्यंत चालू आहे. पण पोरांना आधी ही खूण शिकवतात आणि ती कशाची खूण आहे ते नंतर, किंवा कधीच नाही, म्हणून सगळा घोळ होतो. मग चार दिवस आम्ही ओसरीत बसून उलट्या बाजूनं गेलो, आधी टेबल, मग ग्राफ, सूत्र सगळ्यात शेवटी. ज्यांच्या घरात असं पोरगं-पोरगी आहे त्यांच्यासाठी तेच इथं लिहितोय.

आधी बघा, हे फंक्शन आहे का?

फंक्शनला आपल्या पुस्तकांत फल किंवा फलन म्हणतात. अट एकच आहे. एक आकडा आत टाकला की उत्तर एकच आलं पाहिजे, आज एक आणि उद्या दुसरं असं चालत नाही.

मोंढ्याचं उदाहरण घ्या. मी पुतणीला विचारलं, तारीख सांगितली की सोयाबीनचा भाव सांगता येतो, मग भाव हे तारखेचं फंक्शन आहे का? ती पटकन हो म्हणली. मग तिला बाजार समितीचे भाव दाखवले, एकाच तारखेसमोर तीन आकडे, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. म्हणजे नुसता "भाव" म्हणलं तर एका तारखेला उत्तरं अनेक, हे फंक्शन नाही. पण "त्या बाजारातला त्या दिवशीचा सर्वसाधारण दर" म्हणलं की आकडा एकच राहतो, आता फंक्शन झालं. प्रश्न नेमका विचारल्यावरच फंक्शन तयार होतं, आणि माझ्या मते पूर्ण धड्यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, हिच्यावर घाई करू नका.

टेबल स्वतः मोजून करा

पुस्तकातलं तयार टेबल घेऊ नका, हाताला लागलेलं पाणी लक्षात राहतं. आमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. मोटर लावली, पुतणी घड्याळ आणि काठी घेऊन वर बसली, टाकी सरळ गोल असल्यामुळं पाण्याच्या उंचीवरून लिटर काढता येतात. थोडे आकडे गोल करून हे टेबल आलं:

मिनिटं: ० | ५ | १० | २० | ४०
लिटर: २०० | ३०० | ४०० | ६०० | १०००

वरच्या ओळीत जे आपण ठरवतो ते, म्हणजे वेळ, तो एक्स. खालच्या ओळीत जे त्यावर अवलंबून आहे ते, म्हणजे पाणी, तो वाय. कोण कुणावर अवलंबून आहे हे कळलं नाही तर स्वतःला विचारा, यातलं काय बदललं की दुसरं आपोआप बदलतं? मोटर चालू असताना मिनिटं पुढं गेली की पाणी वाढतं, पण बादलीभर पाणी वरून ओतलं म्हणून घड्याळ पळत नाही.

ग्राफ काढताना जी चूक सगळे करतात

आलेख कागद घ्या, आडव्या रेघेवर मिनिटं, उभ्या रेघेवर लिटर, आणि प्रमाण कोपऱ्यात लिहा, जसं १ सेंटीमीटर म्हणजे ५ मिनिटं. असं दोन रेघांवर आकडे मांडून समीकरण चित्रात बघायची वाट देकार्तनं १६३७ मध्ये दाखवली.

पुतणीनं ठिपके टाकले, जोडले, आणि रेघ वर वाकलेली आली. म्हणली काका मोटर नंतर जोरात चालली वाटतं! मी म्हणलं मोटर तीच आहे, तुझी आडवी रेघ बघ. तिनं ०, ५, १०, २०, ४० हे पाच आकडे एकेका सेंटीमीटरवर सारख्या अंतरानं लिहिले होते, टेबलात जसे शेजारी शेजारी होते तसेच उचलून. १० ते २० मध्ये दहा मिनिटं आहेत आणि २० ते ४० मध्ये वीस, पण कागदावर दोन्हीला जागा सारखीच दिली. खोडून परत काढलं, ५ एका सेंटीमीटरवर, १० दोनवर, २० चारवर, ४० आठवर. पट्टी लावली तर पाचही ठिपके एका सरळ रेघेत. तिचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता, कारण रेघ तिनं सरळ काढली नव्हती, ती सरळच होती.

आता सूत्र आपोआप सुचतं. सुरुवातीला २०० होते, दर मिनिटाला २० वाढतात, म्हणून वाय बरोबर २०० अधिक २० गुणिले एक्स. ग्राफ उभ्या रेघेला जिथं टेकतो ते २००, आणि रेघेचा चढ म्हणजे २०.

मग तिला विचारलं, ५० व्या मिनिटाला किती? सूत्र म्हणतं १२००. पण टाकी हजाराची आहे, पाणी गच्चीवरून खाली सांडायला लागेल! म्हणजे हे सूत्र फक्त ० ते ४० मिनिटांपर्यंतच खरं, त्यापुढं ग्राफ आडवा पडतो, १००० वर. कुठपर्यंतचे एक्स चालतात ते सूत्राच्या शेजारी लिहायची सवय लावा.

फरकांची ओळ लिहा

ही माझी आवडती पायरी. शेळ्यांसाठी १०० फूट जाळी आणली होती, त्या जाळीनं आयताकृती वाडगं, म्हणजे शेळ्यांचं कुंपण, करायचं, चारी बाजू जाळीच्याच. एक बाजू एक्स फूट धरली तर शेजारची ५० वजा एक्स राहते, आणि जागा म्हणजे दोघांचा गुणाकार.

बाजू, फूट: ५ | १० | १५ | २० | २५ | ३०
जागा, चौरस फूट: २२५ | ४०० | ५२५ | ६०० | ६२५ | ६००

आता खाली शेजारच्या आकड्यांचा फरक लिहा: १७५, १२५, ७५, २५, आणि मग उणे २५. टाकीत दर पाच मिनिटांचा फरक कायम १०० होता म्हणून रेघ सरळ. इथं फरकच बदलतोय म्हणून रेघ वाकणार. पण फरकांचा फरक काढा, दर वेळी उणे ५०, तो मात्र ठाम आहे. एक्सच्या उड्या सारख्या घेतल्या आणि हा दुसरा फरक कायम सारखा आला की सूत्रात एक्सचा वर्ग आहे असं समजा, आणि इथं तो फरक उणे आहे म्हणून ग्राफ उलट्या टोपलीसारखा येतो. टोपलीचा माथा २५ वर, म्हणजे चौरस वाडगं केलं की जागा सगळ्यात जास्त. आम्ही तसंच केलं.

याच टेबलात अजून एक बघा. बाजू सांगितली की जागा एकच येते, पण जागा ६०० सांगितली तर बाजू २० का ३०? दोन उत्तरं. म्हणजे सरळ वाचलं तर फंक्शन, उलटं वाचलं तर नाही. ग्राफवर हे पट्टीनं दिसतं, पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडं सरकवा, रेघेला ती एका वेळी एकाच ठिकाणी लागली पाहिजे. दोन ठिकाणी लागली की फंक्शन नाही.

ठिपके जोडायच्या आधी थांबा

उन्हाळ्यात टँकर आपल्याकडं नवीन नाही. समजा टँकर १२ हजार लिटरचा आहे. १२ हजार लिटर पाणी लागत असेल तर टँकर एक, १२ हजार १ लिटर लागलं की दोन, दीड टँकर येत नाही. याचा ग्राफ पायऱ्यांसारखा, आडवा जातो आणि एकदम उडी मारतो. ठिपके तिरप्या रेघेनं जोडले तर ते खोटं चित्र. मधले आकडे खरंच असू शकतात का, एवढं बघूनच पेन्सिल फिरवा.

आता पेपरमधला आकडा वाचा

ऑगस्ट-सप्टेंबरात सगळा मराठवाडा पैठणकडं बघत असतो, जायकवाडी धरणाचा नाथसागर किती भरला. पाण्याची पातळी एक्स, साठा वाय. पूर्ण भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, जिवंत साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, साधारण ७६ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. लोकांना वाटतं एक फूट पातळी वाढली म्हणजे दर वेळी सारखंच पाणी आलं. तसं नाही, धरण टाकीसारखं सरळ नाही, पसरट परातीसारखं आहे, वर जाईल तसं रुंद होतं. भरलेल्या नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, तिथं एक फुटाचा थर म्हणजे साडेतीन टीएमसीच्या पुढं पाणी. खाली तळाजवळ तोच एक फूट त्यामानानं फार थोडं पाणी देतो. म्हणून याचा ग्राफ वर जाता जाता जास्त जास्त उभा होत जातो, आणि शेवटचे दोन-तीन फूट भरायला गोदावरीला वरून एवढं पाणी का लागतं ते त्या वाकणातच दिसतं.

पुतणी परत जाताना तिला एक काम दिलं, तुम्ही पण करा. घरचं लाईट बिल घ्या, त्यावरचे दर बघा, आणि ०, ५०, १००, १५०, २०० युनिटला किती बिल येईल त्याचं टेबल करा. शून्य युनिटलाही रेघ वरूनच सुरू होईल, कारण स्थिर आकार द्यावाच लागतो. १०० युनिटच्या पुढं दर वाढतो, पण वाढलेला दर फक्त पुढच्या युनिटांना, म्हणून तिथं टँकरसारखी उडी नाही येत, रेघ तिथं मोडते आणि जास्त उभी चढायला लागते. तुमच्या कागदावर १०० ला उडी दिसली तर मागच्या युनिटांनाही चुकून नवा दर लावलाय, टेबल परत तपासा.