परमिटवरचा २०.९ : सुरक्षा अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी

रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात बहुधा फायलींचे कपाट दाखवले जाते. मलाही तेच दाखवले गेले. औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका नुकतीच हाती आली होती, रायगड जिल्ह्यातल्या एका कारखान्यात नेमणूक झाली होती आणि कपाटातली प्रत्येक फाईल इतकी नीटनेटकी होती की आपण चांगल्या ठिकाणी आलो, असे मला मनापासून वाटले. रजिस्टरे भरलेली होती, सह्या जागच्या जागी होत्या आणि मागच्या ऑडिटमध्ये एकही गंभीर त्रुटी निघालेली नव्हती. कागद पूर्ण असणे आणि माणसे सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला मे महिना उजाडावा लागला.

आमच्याकडे कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे त्वचा आणि डोळे भाजणाऱ्या रसायनाच्या, टाकीजवळ आयवॉश होता. डोळ्यांत रसायन उडाले तर ताबडतोब किमान पंधरा मिनिटे पाण्याने डोळे धुवावे लागतात, त्यासाठीची ही सोय. त्याच्या दैनंदिन तपासणीच्या तक्त्यात ‘चालू’ आणि ‘बंद’ असे दोनच रकाने होते आणि वर्षभर ‘चालू’खाली बरोबरची खूण होती. मे महिन्यातल्या एका दुपारी मी सहज पट्टी दाबून पाण्याखाली हात धरला आणि चटका बसून तो मागे घेतला. पाइप शेडच्या पत्र्यावरून उघडा आणलेला होता आणि उन्हाने त्यातले पाणी तापले होते. अशा पाण्याचे तापमान साधारण १६ ते ३८ अंश सेल्सिअस असावे, असे मानक आहे. त्या दुपारी तिथे पंधरा मिनिटे सोडाच, पंधरा सेकंदही कोणी डोळे उघडे ठेवू शकले नसते. जुने ऑपरेटर काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “मॅडम, दर उन्हाळ्यात असंच असतं. पण तक्त्यात चालू का बंद एवढंच विचारलंय, आणि चालू तर आहे.”

काकांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. चुकीचा होता तो आमचा प्रश्न. पाइप सावलीतून फिरवून त्यावर उष्णतारोधक आवरण चढवायला तीन दिवस लागले. तक्त्यातली खूण काढून टाकून तिथे पाण्याचे तापमान आणि स्वच्छ पाणी यायला लागलेले सेकंद लिहायचे ठरले, आणि त्यासाठी एक थर्मामीटर आयवॉशच्या खांबालाच बांधून ठेवला. कोणताही तक्ता हाती आला की आधी विचारा की हा कोणत्या अपघातासाठी आहे, आणि तो अपघात आत्ता घडला तर इथे लिहिलेली गोष्ट कोणाच्या उपयोगी पडेल का. मग तो तक्ता घेऊन त्या जागेवर जा. टेबलापाशी बसून याचे उत्तर मिळत नाही.

याहून गंभीर प्रकार वर्क परमिटचा, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्याआधी द्यायच्या लेखी परवानगीचा. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३६ टाकी, रिअॅक्टर अशा बंदिस्त जागेत उतरण्याबद्दल होते. जागा धोकादायक वायूंपासून मुक्त असल्याचे लेखी प्रमाणपत्र सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे दिले पाहिजे, नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनसाधन आणि दोर लावलेला पट्टा घातला पाहिजे व त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाने धरलेले असले पाहिजे, असे त्यात म्हटले होते. ‘स्वतः केलेल्या चाचणीच्या आधारे’ हे शब्द कायद्यातच होते. म्हणजे कायद्यालाही नुसता कागद नको होता.

एकदा परमिटची कार्बनप्रत असलेली पुस्तके चाळताना माझ्या लक्षात आले की सलग चार दिवस प्रत्येक टाकीसाठी ऑक्सिजनचे प्रमाण २०.९ टक्के लिहिले आहे, एकाच पेनाने, एकाच वळणात. मोकळ्या हवेत ऑक्सिजन तेवढाच असतो, म्हणून आकड्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. पण त्याच चार दिवसांत हा ऑक्सिजन मोजणारे आमचे एकुलते एक गॅस मीटर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याची अचूकता तपासून घेण्यासाठी, बाहेर गेले होते आणि त्याची गेटपासची नोंद माझ्याच फाईलमध्ये होती. त्या परमिटवर माणसे टाकीत उतरली होती. सगळी सुखरूप वर आली, पण त्यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते. आणि त्या पुस्तकांच्या मासिक तपासणीवर, सर्व रकाने भरलेले पाहून, मीच सही केली होती.

मी शिफ्ट इनचार्जना एकटे गाठून बोलले. नवख्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की अशा वेळी पहिले पत्र शिस्तभंगाचे काढू नका. ते पत्र काढले की पुढच्या वेळी आकडे अधिक विश्वासार्ह दिसतील, इतकाच फरक पडेल. त्यांनी सरळ सांगितले की सकाळी नऊपर्यंत तीन-तीन परमिट द्यावे लागतात, मीटर एकच, परमिटचे पुस्तक ऑफिसात आणि टाक्या प्लांटच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय आजवर कोणी ‘मोजलं का?’ असे विचारलेच नाही, सगळ्यांनी ‘भरलं का?’ एवढेच विचारले. त्यानंतर आम्ही दुसरे मीटर घेतले. परमिट टाकीच्या तोंडाशी उभे राहूनच लिहायचा नियम केला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजणे सक्तीचे केले. बाहेर थांबणाऱ्या माणसाला, ‘आतला माणूस कोसळला तर तू काय करशील?’ असे त्याच्या भाषेत विचारायचे ठरवले. आमचे ठेकेदाराचे बरेच कामगार बिहार आणि ओडिशातले होते आणि तोवर आम्ही मराठीतल्या सूचनांवर त्यांच्या सह्या घेत होतो. पहिल्याच दिवशी एकाने उत्तर दिले, “मैं अंदर जाके निकालूँगा.” बंदिस्त जागेतल्या दुर्घटनांमध्ये पहिल्या माणसामागोमाग त्याला वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो, तो नेमका असाच. सही असलेल्या एकाही कागदावरून मला हे कळले नसते.

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे गेली. परमिटची पद्धत तिथेही होती. पंपाची सुरक्षा झडप काढून ठेवलेली असल्याची माहिती मात्र पंप सुरू करणाऱ्या रात्रपाळीपर्यंत पोहोचली नव्हती. परमिट म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला दिलेली माहिती आहे, हे शिकवण्यासाठी मी प्रशिक्षणार्थींना आजही हेच उदाहरण देते.

लक्ष्य ठरवतानाही जपा. आमच्याकडे प्रत्येक विभागाला महिन्याला ठरावीक निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेले अपघात, नोंदवण्याचे बंधन होते, त्यामुळे महिनाअखेरीस ‘जिन्यात पाणी सांडले होते’ अशा नोंदींचा पाऊस पडे. आम्ही संख्येचे बंधन काढले आणि आलेल्या नोंदीवर किती दिवसांत काम झाले ते मोजू लागलो. आधी नोंदी घटल्या आणि व्यवस्थापन नाराज झाले. मग सांगितलेले दुरुस्त होते, असा भरवसा कामगारांना आला, तशा हळूहळू खऱ्या नोंदी येऊ लागल्या. तो मधला काळ कठीण असतो आणि वरिष्ठांना त्याची कल्पना आधीच देऊन ठेवावी.

कागद कमी महत्त्वाचे आहेत, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि कामगार व व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक झाली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांबद्दलच्या २०२० च्या संहितेने घेतली आहे, तिचाही अभ्यास तुम्हाला करावा लागेल. निरीक्षक नोंदी मागणारच आणि त्या चोख हव्यातच. पण समितीच्या इतिवृत्तात चहापानानंतर सभा संपल्याचेच लिहिलेले असेल, तर कामगार प्रतिनिधींना सभेच्या आदल्या दिवशी प्लांटमध्ये भेटा. आमच्या आयवॉशचा प्रश्न कित्येक उन्हाळे तिथे कोणी मांडलाच नव्हता.

पुढच्या मे महिन्यात त्याच आयवॉशच्या तक्त्यात एका दुपारी ३१ अंश आणि चार सेकंद अशी नोंद होती. तिच्या शेजारच्या समासात, कोणताही रकाना नसताना, काकांनी लिहिले होते : ‘पट्टी घट्ट झाली आहे, डोळे मिटलेल्या माणसाला दाबता येणार नाही.’ ती पट्टी आम्ही त्याच संध्याकाळी बदलली.