गाठ न कापता कॅन्सर पेशीचा मेटाबॉलिझम कसा बघायचा
सांगली-मिरजेकडची रेडिओलॉजी, एमएस्सीवाली पोरं सारखी विचारतात म्हणून लिहितोय. कॅन्सरची पेशी ऑक्सिजन असला तरी ग्लुकोजचं लॅक्टेट करत सुटते, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्गनं 1920 च्या दशकातच दाखवलं, एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत (पेशींतली रसायनं ओळखायची तपासणी) तेच पकडायचं, मशीन एमआरआयचंच, फक्त फोटोऐवजी ग्राफ येतो.

आधी साधा एमआरआय नीट बघा, मग व्हॉक्सेल (ज्या ठोकळ्यातला सिग्नल मोजायचा तो) ठेवा. मेंदूत साधारण 2 सेंमीचा ठोकळा, कवटीचं हाड, चरबी, रक्तस्राव, मेलेला भाग सगळं टाळून, इथं चुकलं की पुढं कितीही डोकं लावा ग्राफ कचराच. मग शिमिंग करा (म्हणजे तिथलं चुंबकीय क्षेत्र एकसारखं करा), पाण्याचा सिग्नल दाबा. टीई (इको टाइम, सिग्नल टिपायच्या आधीचा वेळ) 144 मिलिसेकंद ठेवला की 1.3 पीपीएमला (ग्राफच्या आडव्या पट्टीवरचं माप) लॅक्टेट उलटं, खाली तोंड करून, दोन दातांचं दिसतं. टीई 30 ला तिथंच लिपिड (चरबीचे सिग्नल) येऊन बसतात आणि घोळ होतो.

बाकीची शिखरं: कोलीन (पेशीच्या आवरणाशी जोडलेलं) 3.2 पीपीएमला, क्रिएटिन (पेशीच्या ऊर्जेशी जोडलेलं) 3.0, एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट, निरोगी चेतापेशींची खूण) 2.0. गाठीत बहुतेकदा कोलीन वर, एनएए खाली. पण नुसतं कोलीन वाढलं म्हणून कॅन्सर म्हणू नका, सूज असली तरी वाढतंय. मेंदूच्या दुसऱ्या, निरोगी बाजूचा स्पेक्ट्रम (हाच ग्राफ) घ्याच, वेळ वाचवायला तो सोडतात ते मला अजिबात पटत नाही.

हायपरपोलराइज्ड (सिग्नल मुद्दाम खूप वाढवलेलं) कार्बन-13 पायरुवेट (ग्लुकोजपासून बनणारा, लॅक्टेटच्या आधीचा पदार्थ) हा पुढचा खेळ, सिग्नल दहा हजार पटीच्या वर जातो, पायरुवेटचं लॅक्टेट होताना लाइव्ह दिसतं, पण शिरेतून टोचावं लागतं आणि हातात जेमतेम एक-दोन मिनिटं, सीक्वेन्स (मशीनचा स्कॅन प्रोग्रॅम) आधीच सेट करून ठेवा.