ठासणीच्या बंदुकीचा धक्का आणि दारूचं माप

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर चकमकीच्या, म्हणजे तोंडातून ठासायच्या आणि गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीने हरणाची शिकार सुरू होते. पहिल्यांदा जाणारे बरेच जण नळीत बंदुकीची दारू (स्फोटक भुकटी) जास्त भरतात आणि मग खांदा धरून बसतात. त्याची गरज नसते. ०.५० कॅलिबरच्या, म्हणजे आतून अर्धा इंच व्यासाच्या नळीत कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळी साधारण १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमची असते. तिच्यासाठी ७० ते ८० ग्रेन काळी दारू ५०-६० मीटरवरच्या हरणाला पुरते. लांबट, ३५० ग्रेनची गोळी घातली की तेवढ्याच दारूवरही धक्का बराच वाढतो, कारण वजन दुप्पट झालेलं असतं.

सुरुवात ५०-६० ग्रेनपासून करा. पाच-पाच ग्रेन वाढवत कागदावर नेम पाहा आणि गोळ्या सगळ्यात जवळजवळ पडतील तिथे थांबा. बंदुकीच्या कारखान्याने दिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. आधुनिक धूरविरहित दारू तर चिमूटभरही नको, नळी फुटते!

गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तरी नळीला धोका असतो. म्हणून गोळी नीट टेकल्यावर ठासायचा गज नळीच्या तोंडाशी जिथे येतो, तिथे त्यावर खूण करून ठेवा.

जुन्या घडणीच्या बंदुकीच्या दस्त्याला चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी असते. ती खांद्याच्या खोबणीत धरली तर टोकं रुततात. ती थोडी बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर टेकवा. सरावाला जाड जाकीट घाला आणि दहा-पंधरा बारांनंतर थांबा, कारण दुखऱ्या खांद्याने माणूस चाप ओढताना दचकायला शिकतो.