भिंतीवरचा मोठा कोळी आणि पेटीतला छोटा

पाऊस सुरू झाला की बिळात, दगडांखाली, बांधाच्या भेगांत राहणारे कोळी कोरडी जागा शोधत गोदामात, गोठ्यात, घरात शिरतात. नेमक्या त्याच दिवसांत आपणही कित्येक महिने न हलवलेल्या वस्तूंना हात घालतो: रिकामी पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, रोपांचे ट्रे, कोपऱ्यात पडलेले गमबूट. कोळी चावण्याचे प्रसंग बहुतेक अशा वेळीच घडतात. तो माणसावर धावून येत नाही, हाताखाली किंवा कपड्यात दाबला गेला की चावतो.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्यांकडे विष असतं. माणसाला खरा धोका मात्र मोजक्याच जातींपासून. आकारावरून अंदाज बांधाल तर हमखास चुकाल. गोलायथ टॅरंटुला या महाकाय कोळ्याचे पाय पसरले तर २८ सेंटिमीटरच्या आसपास भरतात, तरी त्याचा दंश साधारण गांधीलमाशीच्या डंखासारखा. उलट ब्लॅक विडो या खरोखर धोकादायक कोळ्याच्या मादीचं शरीर जेमतेम ८ ते १३ मिलिमीटर!

भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, खेकड्यासारखे पाय बाजूला पसरून बसलेला दिसतो तो हंट्समन. हा जाळं विणत नाही, झुरळं पकडतो. मादीने पोटाखाली चपटी, बटणासारखी पांढरट अंडपिशवी धरलेली असेल तर ओळख पक्की. चप्पल उचलू नका. रुंद तोंडाचा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर सोडा. मी तर गोदामातला तसाच राहू देतो.

जमिनीवर वेगाने पळणारा करडा-तपकिरी कोळी बहुधा लांडगा कोळी असतो. रात्री टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून शेतात पाहा; गवतात दवाच्या थेंबासारखे हिरवट ठिपके चमकतात, ते याचे डोळे. मादी गोल अंडपिशवी मागे चिकटवून फिरते आणि पिल्लं निघाली की त्यांना पाठीवर घेते. भातातले तपकिरी तुडतुडे खाणारा हा आपला मित्र आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकांच्या सरसकट फवारणीने आधी हेच मरतात आणि मग तुडतुडे उसळी मारतात. छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांवर थरथरणारा कोळी निरुपद्रवी, त्याची जळमटं झाडली की काम झालं.

खरी नजर ठेवायची ती विडोवर. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टर पेटीचा तळ, पालथी कुंडी, विटांचा ढीग, जुने टायर अशा जमिनीलगतच्या अंधाऱ्या जागी तिचं जाळं असतं. त्याला चाकासारखी सुबक रचना नसते, सगळा गुंता. त्यातून काही ताठ धागे खाली जमिनीला चिकटवलेले असतात. काडीने एक धागा ओढून पाहा. साधं जळमट निमूट काडीला चिकटतं, हा धागा चिवट असतो आणि तुटताना तटकन आवाज येतो. मादी त्यात उलटी लटकते, त्यामुळे तिच्या पोटावरची डमरूसारखी लाल किंवा नारिंगी खूण समोरच दिसते. काळी जात तुकतुकीत असते. तपकिरी विडो मात्र मळकट रंगामुळे सहज नजरेतून सुटते. जवळ काटेरी गोळ्यासारख्या अंडपिशव्या असतील तर तीच समजा.

रिक्लूज हा आणखी एक धोकादायक कोळी, मुख्यतः अमेरिका खंडांतला, पण मालासोबत इतरत्रही पोचलेला. पाठीवरच्या व्हायोलिनच्या खुणेवर फार विसंबू नका, तसे डाग इतर कोळ्यांवरही असतात. बहुतेक कोळ्यांना ८ डोळे असतात, याला ६, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. हे पाहायला जवळ जाऊ नका, मोबाईलवर फोटो काढून मोठा करा.

पोती-नळ्या हाताळताना जाड हातमोजे घाला. बूट आधी उलटे आपटा. स्टार्टर पेटीचा मुख्य वीजपुरवठा बंद करूनच लांब दांड्याच्या ब्रशने जाळी काढा. घरभर औषध फवारून फारसं साधत नाही. कोळी पायांच्या टोकांवर चालतो, फवारलेल्या पृष्ठभागाशी त्याचा संबंध कमीच येतो. बाहेरचा पांढरा दिवा बदलून पिवळा लावा, किडे कमी आले की कोळीही कमी येतात.

चावलाच तर जागा साबण-पाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. चिरा देणं, विष चोखणं, वर करकचून दोरी बांधणं यातलं काहीही करू नका. दुखणं पसरत गेलं, पोटात-पाठीत गोळे आले, दरदरून घाम सुटला किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना गाठा. लहान मुलाला चावल्यास लक्षणांची वाट पाहू नका. ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब या अतिविषारी कोळ्याची गोष्ट वेगळी: तिथे संशय आला तरी पूर्ण हातापायाला दाबपट्टी बांधून, हालचाल थांबवून रुग्णवाहिका बोलवायची असते. त्याचं प्रतिविष १९८१ पासून उपलब्ध आहे.

कोळी सापडला तर, चिरडलेला असला तरी, डबीत घालून डॉक्टरांकडे न्या. नुसती सुजलेली, पू धरलेली जखम दाखवून ‘कोळी चावला’ म्हणू नका. अशा पुष्कळ जखमा जिवाणूंच्या संसर्गाच्या निघतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात.