प्रताधिकारमुक्त मजकूर ईपबसाठी साफ करताना: आधी काय, मग काय

प्रताधिकारमुक्त पुस्तके मोफत देणाऱ्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळ साधारण ७० ते ७५ अक्षरांवर तोडलेली असते आणि दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ असते. या तुटक ओळी तशाच ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, गेल्या, तर फोनवर एक ओळ भरलेली आणि पुढची दोनच शब्दांची, असा प्रकार दिसतो. ओळी जोडणे हे मुख्य काम, पण ते पहिले नव्हे. एकदा जोडल्या की कवितेची ओळ कुठे संपत होती हे कळायला मार्ग उरत नाही.

मूळ फाइल बाजूला ठेवून प्रतीवर काम करा. अवतरणचिन्हांच्या जागी दोन-तीन विचित्र चिन्हे दिसत असतील तर ती बदलत बसू नका. फाइल चुकीच्या एन्कोडिंगने (अक्षरे साठवण्याच्या संकेतपद्धतीने) उघडली आहे. योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा उघडा, मग युटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा. ओळींच्या शेवटच्या स्पेस काढून टाका. नुसती स्पेस असलेली ओळ आपल्याला रिकामी दिसते, संगणकाला नाही, आणि तिथे दोन परिच्छेद एकमेकांना चिकटतात.

गुटेनबर्गच्या फाइलमध्ये प्रकरणाच्या शीर्षकाआधी सहसा चार रिकाम्या ओळी असतात. त्यावरून शीर्षके शोधून खूण करा, मगच जादा रिकाम्या ओळी एकावर आणा. कविता, पत्रांचे मायने, तक्ते बहुधा डावीकडे जागा सोडून असतात. त्यांच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मजकुरात कुठेच नसलेली खूण घाला, समजा ##.

आता जोडणी. लागोपाठच्या दोन ओळबदलांच्या जागी @@ घाला, उरलेल्या एकेरी ओळबदलांच्या जागी स्पेस. मग @@ चे पुन्हा दोन ओळबदल करा आणि ## चा एक. तिरप्या अक्षरांसाठी शब्दांच्या दोन्ही बाजूंना असलेल्या _ खुणा यानंतरच बदला, कारण जोडी बरेचदा दोन ओळींत विभागलेली असते. दुहेरी -- ची लांब रेघ करण्याआधी तीन किंवा अधिक रेघांच्या विभाजक ओळी हाताळा, नाहीतर त्यांचा चुथडा होतो.

स्कॅनवरून ओसीआर केलेल्या, म्हणजे पानाच्या चित्रातून संगणकाने अक्षरे ओळखून काढलेल्या, मजकुराचे दुखणे वेगळे. पानाचा आकडा आणि वरचे शीर्षक काढले की परिच्छेद मधोमध तुटलेला राहतो. विरामचिन्हाशिवाय संपणारे परिच्छेद शोधून काढा. ओळीच्या शेवटची संयोगचिन्हे मात्र सरसकट पुसू नयेत. ‘पुस्त-क’ जोडायचा, पण ‘आई-वडील’ मधली रेघ खरी असते. देवनागरीत ‘ख’ चा ‘रव’, ‘घ’ चा ‘ध’, ‘भ’ चा ‘म’ आणि विसर्गाचा अपूर्णविराम होतो. शेवटचा प्रकार सर्वांत फसवा, कारण ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ दिसायला सारखे असले तरी शोध त्यांना वेगळे मानतो.

सरळ अवतरणचिन्हे गोल करताना विषम संख्या असलेले परिच्छेद तपासा. सगळेच चुकीचे नसतात: एकाच पात्राचे बोलणे पुढच्या परिच्छेदात चालू राहिले तर जुन्या छपाईत आधीच्या परिच्छेदाच्या शेवटी बंद करणारे चिन्ह देत नसत.

शेवटी कॅलिबर, म्हणजे ई-पुस्तके तयार करण्याचे सॉफ्टवेअर. त्याची प्रकरणे ओळखण्याची मूळ सेटिंग इंग्रजी शब्दांवर चालते, ‘प्रकरण’ त्याला कळत नाही. शीर्षकांना एच२ (<h2>) हा एचटीएमएलमधला शीर्षकाचा टॅग द्या आणि सेटिंग बदलून प्रत्येक एच२ म्हणजे नवे प्रकरण असे सांगा.