थट्टेकाड ते चिन्नार: केरळच्या पक्षीसहलीत या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्या-मुंबईहून पक्षी बघणाऱ्यांचे गट केरळकडे निघू लागतात. कोचीला विमानातून उतरायचं, थट्टेकाडच्या पक्षी अभयारण्यापाशी दोन-तीन मुक्काम, मग मुन्नार आणि जमलं तर चिन्नार. मार्ग फार देखणा आहे. पेरियारकाठचं ओलं सखल जंगल, डोंगरमाथ्यावरची शोला नावाची सदाहरित जंगलं आणि डोंगरापलीकडचं कोरडं काटेरी रान, असं सगळं एकाच फेरीत पदरात पडतं. तरी परतताना निम्मी मंडळी हिरमुसलेली दिसतात. "गाइडनं काही खास दाखवलंच नाही," हे ठरलेलं वाक्य. पहिल्या खेपेला मीही तेच म्हणत होते. तिसऱ्या खेपेला कळलं, की गाइड दाखवत होता, आम्हीच प्रत्येक ठिकाणी दोन तास उशिरा पोचत होतो.

ऑक्टोबरात पाऊस संपतो, पण आपल्याकडे

पहिली चूक घरी बसूनच होते. दसरा झाला म्हणजे पाऊस गेला, हा आपला हिशेब. केरळात तेव्हा परतीच्या पावसाची पाळी असते. तिकडे त्याला तुलावर्षम् म्हणतात. सकाळी स्वच्छ ऊन, दुपारी ढग भरून येतात, आणि तीन-चारच्या सुमारास विजांसकट सडकून पाऊस. म्हणजे संध्याकाळची फेरी गेलीच. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल, तर सगळी भिस्त सकाळवर ठेवा आणि एक दिवस जास्तीचा धरा. रजा मिळत असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळीच अडचण असते. मुन्नारजवळचं एराविकुलम राष्ट्रीय उद्यान या काळात सहसा बंद ठेवतात, कारण तो निलगिरी तहरच्या विणीचा हंगाम. ही डोंगरी बकरी आणि निलगिरी तिरचिमणी (पिपिट) बघायला सोपी जागा म्हणजे तिथलं राजमला. तारखा न बघता विमानाची तिकिटं काढलेले लोक मला दर वर्षी भेटतात.

किलोमीटर मोजता, उंची मोजत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थट्टेकाड ते मुन्नार जेमतेम ८० किलोमीटर. नकाशात बघून आपण म्हणतो, "सकाळी थट्टेकाड करू, जेवून निघू, संध्याकाळी मुन्नारला अर्धा तास मिळेलच." पण थट्टेकाड जवळपास समुद्रसपाटीला आहे आणि मुन्नार गाव कळसूबाईच्या शिखराला टेकेल इतकं उंच. नेरियामंगलमचा पूल ओलांडला की घाट सुरू होतो तो संपतच नाही. वाटेत कुणाला तरी घाट लागतो, गाडी थांबते. मुन्नारला पोचेपर्यंत साडेपाच वाजतात, आणि चहाच्या मळ्यांवर धुकं उतरलेलं असतं.

शोलातले पक्षी उजाडताना आणि अंधारण्याआधी उघड्यावर येतात. शोलाकिली हा त्यातला मानकरी. चिमणीहून थोडा मोठा, निळा-करडा, पोट पांढरं, आणि झाडोऱ्याखालच्या सावलीत जमिनीलगत उड्या मारणारा. सूर्य वर आला की तो झुडपात दडतो. मग तुम्ही दिवसभर चहाचे मळे आणि शिपाई बुलबुल बघत हिंडता.

शोलाकिलीचा एक मजेदार पैलू आहे. पालघाट खिंडीच्या उत्तरेला, म्हणजे उटीकडे, निलगिरी शोलाकिली आणि दक्षिणेला मुन्नारकडे पांढऱ्या पोटाचा शोलाकिली. दोन्ही डोंगरमाथ्यांवर अडकलेले पक्षी. मधली सखल खिंड त्यांना ओलांडता आली नाही, म्हणून ते वेगळे होत गेले. २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्यांना शोलिकोला अशी स्वतंत्र प्रजातीच (जीनस) दिली. हसऱ्या कस्तुरांचीही हीच गोष्ट, निलगिरीचा वेगळा आणि पळणी-मुन्नारचा वेगळा. त्यामुळे "उटीला बघितलाय की, आता मुन्नारला कशाला?" असं म्हणून पहाटेची झोप काढणाऱ्यांनी एक लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारा पक्षी, हातचा घालवलेला असतो.

उपाय सोपा आहे. प्रवास दुपारी करा, म्हणजे अकरा ते तीन या पक्ष्यांच्याही विश्रांतीच्या वेळात. आणि प्रत्येक मुक्कामी किमान दोन पहाटा मिळतील असं बघा. दिवस नव्हे, पहाटा मोजा.

गाइडच्या बोटाकडे बघत बसणं

"देअर, देअर! बांबू, लेफ्ट, सेकंड फोर्क." गाइड कुजबुजतो आणि दहा जण त्याच्या बोटाकडे बघतात. मग बोटावरून नजर हलवून पक्षी शोधतात, तोवर पक्षी गेलेला असतो.

घड्याळाची पद्धत घरून शिकून या. समोरचं झाड म्हणजे घड्याळाची तबकडी, शेंडा बारा वाजता. "टू ओ'क्लॉक" म्हटलं की नजर शेंड्याच्या जरा उजवीकडे खाली. दुसरं असं, की पक्ष्यावर रोखलेली नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची सवय लागते. खिडकीत बसून समोरच्या इमारतीवरच्या पारव्यावर आठवडाभर सराव केलात तरी पुरे.

दुर्बिणीवरून आठवलं. मोठं दिसतं म्हणून लोक १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) घेऊन येतात. थट्टेकाडच्या झाडीखाली सकाळी सातलाही संध्याकाळसारखा उजेड असतो. ८ बाय ४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल सव्वापाच मिलिमीटरचा, १० बाय ४२ मधून जेमतेम सव्वाचारचा. शिवाय दहापटीत हाताचा कंपही दहापट. घाटातल्या जंगलासाठी आठपटीचीच बरी.

गटाची बडबड हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर मला जास्त लिहवत नाही. कर्णा (मलबार ट्रोगन) हा पक्षी झाडावर अगदी निश्चल बसतो, हलला तरच दिसतो, आणि आपण त्याच्याखाली उभं राहून थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण विचारत असतो. (मीच विचारलं होतं. उत्तर अजून लक्षात आहे, कर्णा मात्र दिसला नाही.)

फ्रॉगमाउथनं चोच वर केली, की मागे फिरा

थट्टेकाडला लोक मुख्यतः ज्याच्यासाठी येतात तो श्रीलंकन फ्रॉगमाउथ हा निशाचर पक्षी. आंबोली-तिळारीकडे आणि गोव्यातही तो आहे, पण दिवसा बसायच्या जागा माहीत असलेले गाइड इथे जास्त. वाळक्या पानांच्या गुंत्यात, छातीएवढ्या उंचीवर जोडी एकमेकांना चिकटून बसलेली असते. नर करडा, मादी तांबूस. दहा फुटांवरून गाइड दाखवतो तेव्हाही आधी पानंच दिसतात, आणि मग अचानक त्या पानांना मिशा असल्याचं लक्षात येतं.

एक खूण पक्की ध्यानात ठेवा. निवांत फ्रॉगमाउथ मान खाली घालून, डोळे मिटून बसतो. त्याला धोका वाटला की तो फार हळू चोच आभाळाकडे वर करतो, अंग ताठ करतो, आणि मोडक्या फांदीसारखा दिसू लागतो. फोटोत ही पोज छान येते, म्हणूनच लोक ती काढायला पुढे सरकतात. पण ती पोज म्हणजे "तुम्ही फार जवळ आलात" एवढाच अर्थ. तेव्हा दोन पावलं मागे. फ्लॅश मुळीच नको. जोडी उडाली तर ती जागा सोडते, आणि मागून येणाऱ्या गटाच्या गाइडवर नवी जागा शोधायची पाळी येते. घरटं सापडलं तर त्याचं नेमकं ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका, हे सांगायला नकोच.

ॲप म्हणतं म्हणून

आवाज ओळखणारी ॲप कामाची आहेत, पण भृंगराज पक्षी असलेल्या जंगलात त्यांच्यावर विसंबू नका. एका सकाळी आमच्या फोननं दहा मिनिटांत सर्पगरुड, शिक्रा आणि दोन बुलबुल नोंदवले. सगळे खूष. गाइड हसत होता. शेवटी त्यानं बोट दाखवलं, तर समोरच्या सागावर एकटा भृंगराज, शेपटीची दोन पिसं हलवत, सगळ्यांच्या नकला करत बसलेला. ती यादी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, तशीच गेली असती.

पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा आवाज लावणं ही याहून वाईट सवय. तो येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं त्याला वाटतं. दिवसात चार गट आले तर बिचारा चार वेळा बिनकामाचा भांडतो. "प्ले करा ना एकदा," असा आग्रह गाइडला करू नका. गिऱ्हाईक म्हणते म्हणून तो नाही म्हणू शकत नाही. मुन्नारला हसरा कस्तुर होमस्टेच्या परसात येतो. स्वयंपाकघरामागे चहाचा कप घेऊन उभं राहिलात तरी भागतं.

लेन्सवर धुकं, पायात जळवा

रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा सकाळी सहाला थट्टेकाडच्या दमट हवेत काढला, की काचेवर लगेच दव. पुसलं की पुन्हा येतं. मुन्नारच्या थंडीतून खाली उतरतानाही हेच. उपाय: कॅमेरा आणि दुर्बीण रात्री एसीच्या खोलीबाहेर, बंद पिशवीत. चुकून गार राहिलीच तर पिशवी न उघडता अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, मग काढा. काचेवर श्वास फुंकून शर्टानं पुसणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

जळवांचं भय त्यांच्या चाव्यापेक्षा मोठं आहे. गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घ्या. लागलीच तर मीठ किंवा पेटती काडी न वापरता नखाची कड कातडीलगत सरकवून सोडवा. रक्त बराच वेळ ओघळतं, कारण तिच्या लाळेत रक्त न गोठू देणारा पदार्थ असतो. दाबून धरा, थांबतं.

चिन्नार "जाता जाता"

आणि आता माझी आवडती जागा, जी बहुतेक गट वाया घालवतात.

मुन्नारच्या चहामळ्यांवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून मरयूरमार्गे जेमतेम ६० किलोमीटर खाली चिन्नार अभयारण्य, आणि तिथं सुमारे ५०० मिलिमीटर. महाबळेश्वरहून माणदेशात उतरावं तसं, पण दोन तासांच्या आत. आधी चंदनाची झाडं, मग खडक, निवडुंग, बाभळी. नव्वद चौरस किलोमीटरचं हे रान पश्चिम घाटाच्या पावसाच्या सावलीत पडलंय.

लोक मुन्नारला निवांत नाश्ता करून निघतात, साडेदहाला चिन्नारला पोचतात आणि म्हणतात, "इथे काही नाही." साडेदहाला खरंच काही नसतं. खडक तापलेले, झाडोऱ्यात चिडीचूप. पिवळ्या गळ्याचा बुलबुल, ज्याच्यासाठी यायचं, तो सकाळच्या पहिल्या दोन तासांत खडकांवरच्या झुडपांत बोलतो आणि मग गप्प होतो. पहाटे मुन्नारहून निघणंही शहाणपणाचं नाही, त्या रस्त्यावर हत्ती असतात. म्हणून आदल्या रात्री मरयूरला मुक्काम करा.

बुलबुलांच्या नावांचा गोंधळ इथे हमखास होतो. पिवळ्या भुवईचा बुलबुल ओल्या जंगलातला, थट्टेकाडला भरपूर. पांढऱ्या भुवईचा चिन्नारच्या झुडपात सगळीकडे, आणि तोच बहुतेकांच्या यादीत पिवळ्या गळ्याचा म्हणून चढतो. पिवळ्या गळ्याचं डोकंही पिवळट असतं, शेपटीखाली पिवळं, आणि तो खडकाळ उतार सोडत नाही. लालसर गळ्याचा तो वेगळाच. तो गोव्याचा राज्यपक्षी, आणि ओल्या बाजूला दिसतो.

आत पायी फिरायचं तर वन खात्याचा स्थानिक आदिवासी गाइड सोबत लागतो. आपल्या गटाचा गाइड कितीही तरबेज असला तरी याचं ऐका. त्याला पक्ष्यांची इंग्रजी नावं कदाचित येणार नाहीत, पण हत्तीचा वास त्याला आधी येतो. त्याच्याबरोबर दोन लिटर पाणी, टोपी आणि मळखाऊ रंगाचे कपडे. मुन्नारचं स्वेटर गाडीतच राहू द्या.

आणि उशीर झालाच तर? डोंगरावर धावपळ करू नका. पांबार नदीकाठी अर्जुनाच्या सावलीत बसा. दुपारी पक्षी पाण्यावर येतात. अशाच एका वाया गेलेल्या सकाळी आम्ही तिथे तासभर नुसते बसलो होतो. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक चार वेळा पाण्यावर सूर मारून गेला, आणि वरच्या फांदीवर एक करडी मोठी खार पाय पसरून झोपली होती.

परतीला मरयूरच्या गुऱ्हाळात थांबा. हातानं वळलेले गुळाचे गोळे मिळतात, २०१९ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. कोल्हापूरच्या गुळाशी तुलना करण्याचा मोह आवरा. आणि गोळा कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. एकदा मी ठेवला होता. मुंग्या लेन्सच्या झूमच्या खाचेत आठवडाभर मुक्कामाला होत्या.